एक माणूस अन् एक कुत्रा

चहा येऊ द्या आधी. हा किस्सा कोरड्या तोंडानं सांगता येत नाही. हसू आलं तर हसा बाप्पा, पण पुरा ऐकून घ्या.

तुमाले माहीतच हाय, मी शेगावात लॉजच्या काउंटरवर तीस वर्षं बसलो. कोणती गाडी कवा येते, डबा कुठं लागते, दर्शनाले आलेला माणूस मलेच विचारे. म्हून माझ्या डोक्यात हवा! जगात कुठंही जा, रेल्वे म्हणजे रेल्वे. दोन रूळ अन् एक तिकीट. त्यात समजायचं काय?

मंग एक दिवस आक्काचा फोन आला. आक्का माझी मोठी बहीण. साखरखेर्ड्याले असते, वांगे-टमाटे पिकवते. नवरा जाऊन दहा वर्षं झाली. एकच पोरगा, गोपाल, तो जर्मनीत एका गोदामात कामाले. सायकलवर ड्युटीले जाता जाता त्याचा पाय ट्रकखाली आला.

"बाळू, तू चाल माह्यासंगं. मले इंग्रजी कुठं येते?"

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाले बाळू म्हणणारी ही एकच उरली हाय. नाही कसं म्हणणार?

कागदपत्रांत पंधरा दिवस गेले. तोवर पाय सडला. आम्ही विमानातून उतरलो त्या सकाळी गोपालचा रूम पार्टनर घ्याले आला. व्यंकट नाव, तेलंगणाचा पोरगा. त्यानं मले बाजूले घेतलं.

"अंकल, आज दो बजे ऑपरेशन है. पैर निकालना पड़ेगा. डॉक्टर बोले, अब रुक नहीं सकते."

मी आक्काकडं पाह्यलं. ती बॅगवर बसून चपलेचा अंगठा नीट करून राह्यली होती. म्हटलं, इथं नको सांगाले. दवाखान्यात गेल्यावर, तिले जवळ बसवून, हळूहळू सांगू. मी त्याच्यासाठीच तर आलो होतो ना?

दवाखाना दुसऱ्या गावात, रेल्वेनं दोन तास. व्यंकटची ड्युटी होती. त्यानं दवाखान्याचं नाव लिहून आक्काच्या हातात चिठ्ठी दिली अन् म्हणाला, "अंकल, टिकट मैं निकाल देता हूँ."

"अरे तू जा कामावर! मेरी जिंदगी गई रेल्वे में!"

हे वाक्य मले आजही झोपू देत नाही.

तिथं खिडकी नाही, माणूस नाही. नुसती मशीन! बोट लावलं की चित्रं बदलतात. इंग्रजी केलं. गावाचं नाव आलं. मंग एका खाली एक रांगा आल्या, प्रत्येकीपुढं अधिकचं चिन्ह. मी पहिल्या रांगेत एकदा दाबलं, दुसऱ्यांदा बोट जरा खाली गेलं. दोन आकडे दिसले. दोघं जण झालो! कार्ड लावलं, तिकीट खाली पडलं.

"पाह्य आक्का, एका मिनिटात!"

"शिकलेला माणूस संगं असला की बरं असते," आक्का म्हणाली.

गाडी अशी की पाण्याचा गिलास हलत नाही. अर्ध्या तासानं चेकर आला. उंच, गोरा, हसऱ्या चेहऱ्याचा. तिकीट पाह्यलं. आक्काकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं. मंग वाकून बाकाखाली पाह्यलं!

"हुंट?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "व्हॉट?"

"हुंट! हुंट!"

मले ऐकू आलं हुंडा! आता बाप्पा, बाईमाणूस संगं पाहून ह्याले काय शंका आली असन? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "नो सर! नो हुंडा! शी इज माय सिस्टर!"

समोरच्या बाकावरची पोरगी तोंड दाबून हसाले लागली. चेकरनं तिकिटावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं अन् इंग्रजीत विचारलं, "तुमचा कुत्रा कुठं आहे?" त्यांच्या भाषेत हुंट म्हणजे कुत्रा!

एक माणूस अन् एक कुत्रा. ते तिकीट होतं ते!

"काय म्हणते रे तो?" आक्का विचारून राह्यली.

काय सांगाव? दोघांत कुत्र्याच्या तिकिटावर कोण चाललं होतं, हे सांगाची गरज हाय का?

पण चेकर भला. म्हणाला, पुढच्या स्टेशनवर गाडी दहा मिनिटं थांबते. उतरा, मशीनवरून स्वतःचं तिकीट काढा, परत या. मी आक्काले म्हटलं, "तू हलू नको. मी आलोच."

उतरलो. ह्या बारीनं चष्मा लावून, एक-एक अक्षर वाचून तिकीट काढलं. माणसाचं! इतक्यात शिट्टी वाजली. मी पळालो अन् समोर जे दार दिसलं त्यात घुसलो. म्हटलं, आतून चालत जाऊ आक्कापाशी.

चालत गेलो तं डबा संपला. पुढं काच. काचेपलीकडं नुसते रूळ. आक्काची गाडीच नाही!

डब्यातल्या एका बाईले विचारलं. तिनं दोन मुठी जोडल्या, मंग एक इकडं नेली अन् एक तिकडं नेली. अशी गाडी असते का कुठं? अर्धी एका गावाले, अर्धी दुसऱ्या! अन् त्या दहा मिनिटांत गाडीचे दोन भाग कराचं तेच काम चालू होतं. तीस वर्षं रेल्वे सांगणाऱ्याले हे माहीत नाही.

पुढच्या स्टेशनवर उतरलो. एवढंसं स्टेशन, भोवती शेतं, माणूस नाही. परतीची गाडी दीड तासानं. माझ्या मोबाइलमध्ये तिथलं सिम नाही. आक्काजवळ तर मोबाइलच नाही. बाकावर बसलो. हातात पहिल्यांदा पक्कं माणसाचं तिकीट होतं, अन् गाडी नव्हती.

समोरच्या घड्याळात दोन वाजले. मी पाह्यले.

विचारत विचारत दवाखान्यात पोचलो तवा पाच वाजून गेले होते. आक्का खोलीबाहेर खुर्चीवर बसली होती, पाय वर घेऊन, घरी ओट्यावर बसते तशी.

"कुठं गेलता रे?"

मंग तीच सांगाले लागली. गाडी थांबली, सगळे उतरले, तवा तीही उतरली. एका म्हातारीले चिठ्ठी दाखवली. म्हातारीनं हाताले धरून थेट दवाखान्यात आणलं. दोन वाजाच्या आधी.

"गोपाल भेटला?"

"भेटला. पण त्याले सुई देली होती, त्याची जीभ जड झालती. डॉक्टर आला. लय बोलला. मले काय समजते? मंग त्यानं सोताच्या गुडघ्याखाली हाताची अशी धार फिरवली."

आक्कानं तसाच हात फिरवला. आपल्या पायावर.

"मी मान हालवली. काय करू?"

मी खाली पाह्यत उभा होतो. तिनं विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हाव."

तिनं पिशवीतून फडक्यातली दशमी काढली अन् अर्धी मले देली. सकाळपासून तिनंही खाल्लं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गोपाल उशीला टेकून बसला. म्हणाला, "मामा, नर्स सांगत होती, तुमाले शोधाले स्टेशनवर फोन लावले. झालं काय होतं?"

मी सगळं सांगितलं. मशीन, कुत्रा, हुंडा, दोन मुठी. आक्कानं पदर तोंडाले लावला. तिचे खांदे हलून राह्यले होते. हसते का रडते, मले समजलं नाही, अन् विचाराची हिंमत झाली नाही.

गोपालनं चादरीकडं पाह्यलं, जिथं ती एका बाजूनं सपाट होती. मंग माझ्याकडं पाह्यलं.

"मामा," तो म्हणाला, "माहा एक पाय गेला, तरी मी जाग्यावर हाओ. तुमचे दोन्ही शाबूत, अन् हरपले तुम्ही!"