चौकटीवरची पाच बोटं

शाबुओथला पाच दिवस राहिले होते आणि आमच्या घरी दूध येणं बंद झालं. बालाघाट, रेल्वेचे क्वार्टर्स, मे महिना संपत आलेला... मी दहा वर्षांची. साठच्या दशकातली गोष्ट आहे आणि आजवर मी ती कुणालाच सांगितलेली नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पप्पा नॅरोगेजच्या छोट्या गाडीवर गार्ड होते, म्हणून थेट मध्य प्रदेशात, बालाघाटला जाऊन पडलो. अख्ख्या गावात आमचं एकच घर... सिनेगॉग पार मुंबईला.

शाबुओथ म्हणजे देवानं दहा आज्ञा दिल्या त्याचा सण. वल्हांडण या आमच्या आधीच्या सणापासून पप्पा रोज संध्याकाळी प्रार्थना म्हणून एकेक दिवस मोजत, बरोबर एकोणपन्नास. आई घराला चुना लावायची, आणि सणाला सगळं गोडधोड दुधाचंच असायचं.

त्या वर्षी आमच्या लाईनीत देवीची साथ आली. तीन पोरं अंथरुणाला खिळली... त्यात समोर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीची, शांताची, एक वर्षाची बहीणही होती. बायकांनी ठरवलं, मातामायची, म्हणजे देवीआईची पूजा करायची. प्रत्येक चौकटीला कडुनिंबाचा डहाळा आणि शेंदराची पाच बोटं. एकही घर सुटता कामा नये.

पप्पांनी सगळ्यांसमोर हात जोडले. पोरांना दवाखान्यात नेऊन लस टोचून आणतो, पाणी भरतो, सांगाल ते काम करतो... पण चौकटीला शेंदूर नको. आमच्या चौकटीवर एक छोटी पितळी नळी ठोकलेली होती, आत देवाची वचनं लिहिलेली गुंडाळी. तिला मेझुझा म्हणतात. येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना लावायची, ही आमची रीत.

शांताची आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती रडली. "गार्डबाबू, पाच बोटांनं तुमचा देव बाटते का? माह्या पोरीसाठी तरी लावा न..." पप्पांचा चेहरा पडला, पण त्यांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवसापासून नळावर बायका आईला बघून बादल्या बाजूला घ्यायला लागल्या. शांता माझ्याशी बोलेना. दूधवाला सायकलवरून न उतरताच म्हणाला, "मले काही नाई बाई, पण तुमाले देलं तं बाकीचे घेत नाई म्हणून राह्यले." आणि त्यातच माझ्या दोन वर्षांच्या भावाला ताप भरला.

मी घाबरले. पूजेच्या दिवशी पप्पा ड्युटीवर होते आणि आई आत भावापाशी. मी पूजेच्या ताटातला शेंदूर मुठीत लपवून आणला आणि मेझुझाच्या खाली, हात पोचेल तिथे, पाच बोटं उठवली... कुणी सांगितलं नव्हतं. भाऊ मरू नये आणि शांतानं बोलावं, एवढंच मला हवं होतं.

जादू झाली म्हणा ना. संध्याकाळी दूध आलं. शांताच्या आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, "शहाणी हाय लेक." आईनं चौकट बघितली, मग दूध पिणाऱ्या भावाकडे बघितलं आणि शेंदूर तसाच राहू दिला.

सकाळी पप्पा आले. दारातच थांबले, आणि मग त्यांनी माझा हात धरला. नखांत शेंदूर तसाच होता. मला वाटलं, आता बसतोय मार... त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. आधी माझी बोटं धुतली, एकेक करून. मग चौकट.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते तसेच युनिफॉर्मवर घरोघरी गेले आणि सांगून आले, ते आमच्याकडून चुकून झालं, आम्हाला पूजेत धरू नका. माझं नाव कुठेही घेतलं नाही. दूध पुन्हा बंद झालं, आणि त्या दिवशी मला पप्पांचा भयंकर राग आला.

सणाच्या आदल्या दिवशी शांताची बहीण गेली. पप्पा मातीला जायला म्हणून समोर गेले, तर शांताचा काका दारातच म्हणाला, "तुमी येऊ नका." ते परत आले आणि बूट न काढताच किती तरी वेळ खाटेवर बसून राहिले. भावाचा ताप त्याच दुपारी उतरला. पण समोरून रडणं ऐकू येत होतं... आनंद कुठल्या तोंडानं करणार?

दुसऱ्या संध्याकाळी सण लागला. आईनं पाण्यातच रवा शिजवून गूळ घातला. पप्पांनी पुस्तक उघडलं आणि दहा आज्ञा वाचायला घेतल्या. दुसऱ्या देवांबद्दलच्या आज्ञेपाशी ते थांबतील, माझ्याकडे बघतील, तू ही आज्ञा मोडलीस म्हणून ती पोर गेली म्हणतील... मी बोटं फ्रॉकखाली लपवून, मान खाली घालून बसले होते.

ते थांबले नाहीत. बाकीच्या आज्ञा वाचल्या तशीच तीही वाचली आणि पुढे गेले.

शांताची आई पुढे आमच्याशी कधीच बोलली नाही. सहा महिन्यांत पप्पांनी बदली मागून घेतली.

त्यांचं बरोबर होतं का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. त्या बाईचं रडणं आठवलं की नाहीच येत... पण ज्या देवासाठी त्यांनी एवढं सोसलं, त्या देवाची भीती त्यांनी मला एकदाही घातली नाही. म्हणून तर आज सत्तरीतही मी त्याच देवाची आहे.