टेलरचाचांचं टरबूज

उभ्या वरोऱ्यात आमच्या घरमालकाइतका बोटाला भिणारा माणूस सापडायचा नाही. टेलरचाचा म्हणत त्यांना सगळे. मशीनची सुई बोटातून आरपार गेली तरी "काई नाई होत" म्हणून पुढची शिवण घालतील. पण घरामागच्या सांदवाडीतल्या टरबुजाकडे कुणी बोट दाखवलं की संपलंच. बोट दाखवल्यानं कोवळं फळ सडतं, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, पण चाचा ते कायद्यासारखं पाळायला लावत. मी नवा भाडेकरू. पहिल्याच दिवशी भोळेपणानं बोट केलं, तर त्यांनी ते हवेतच धरून वाकवलं. "गुरुजी, फळाले वाकडं बोट दाखवाव. सरळ बोटानं सडते ते." पुढे वर्गात फळ्याकडेसुद्धा माझं बोट वाकडंच जाऊ लागलं.

दर जानेवारीत ते टरबुजाच्या बिया ओल्या फडक्यात बांधून कोळशाच्या इस्त्रीशेजारी उबेला ठेवत. गिऱ्हाइकानं आधी कोंब बघायचे, मग कपडे न्यायचे. वेलाला फुलं आली की सकाळीच नरफूल तोडून मादीफुलाला टेकवत आणि "निकाह लागला, गुरुजी" म्हणून माझं दार वाजवत. आता यात माझं काय काम होतं, देव जाणे. फळ धरलं की रोज त्याला टेप लावून माप घेत आणि ते गिऱ्हाइकांच्याच वहीत लिहीत. एकदा आमच्या हेडमास्तरांचा पायजमा त्या मापानं शिवला गेला, तो काही केल्या गुडघ्याच्या वर चढेना. चाचा शांतपणे म्हणाले, "सर, तुमचं पान अन् टरबुजाचं पान आमनेसामने होतं."

एवढं करून दरवर्षी फळं माकडं नेत, नाहीतर ती आपोआप गळत. त्या साली मात्र एक टिकलं. मुलचेऱ्याला दिलेली त्यांची एकुलती एक लेक लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी यायची होती. एसटीडी बूथवरून चाचांनी तिला कबूल करून टाकलं होतं, या वेळी घरचं टरबूज कापतो म्हणून. त्यानंतर ते दिवसातून दहादा फळाशी जाऊन बसत.

लेक आली, पण दोनच दिवसांसाठी. फळाजवळचा तणावा, वेलाचा तो वेटोळा तंतू, फळ पिकलं की वाळतो; तो अजून हिरवागार होता, म्हणजे फळ कच्चं. चाचा मला म्हणाले, "आठ दिवस पाह्यजे होते, गुरुजी." दुसऱ्या दिवशी तिची गाडी. सकाळभर ते सांदवाडीत नुसते येरझारा घालत होते. शेवटी स्वतःच चाकू घेऊन गेले.

आतून पांढरं, मधोमध जेमतेम गुलाबी. माझी फोड काकडीसारखी लागली. मला फार वाईट वाटलं त्यांचं. लेकीनं मात्र सालीपर्यंत कुरतडून खाल्लं आणि ताट पुढे केलं, "अब्बा, और दो ना. बहुत मीठा है."

चाचांनी वाढलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्या पोरीले लहानपणापासून खोटं बोलता येत नाई."

स्वतःच्या वाटणीची फोड मात्र त्यांनी काही चाखून पाहिली नाही.