तीन ताणे

"गाठ कधीपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"महिना झाला असन," चंद्रकांताबाई म्हणाल्या. मोहाडीत तीस वर्षं हातमागावर कोशाच्या रेशमी साड्या विणणारी ही बाई, पण चेहरा चोरी पकडल्यासारखा. शेजारी सून तेजस्विनी. जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरात वाढलेली, कोणाचं ऐकून घेणारी नव्हे. सकाळी सासूची पाठ चोळताना तिचा हात छातीच्या गाठीला लागला आणि अकराच्या बसनं तिनं त्यांना भंडाऱ्याला आणलं.

"काखेतही गाठी लागतात हाताला. महिन्याभरात एवढं होत नाही, बाई. खरं सांगा."

चंद्रकांताबाईंनी मनात हिशेब केला. खरं सांगितलं तर उशीर झाला असं ऐकावं लागेल. न सांगितलं तर जणू उशीर झालाच नाही! चांगल्या शिकल्यासवरल्या बायकाही हाच वेडेपणा करतात, तर त्यांना काय बोल लावायचा?

"तीन ताणे झाले," त्या हळूच म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना कळेना. तेजस्विनीला मात्र कळलं. मागावर चढवलेला उभ्या सुतांचा एक ताणा विणून संपायला सासूला तीन महिने लागत. म्हणजे नऊ महिने.

"काहून नाही सांगितलं वो आई?"

"मले वाटलं, दांडा लागला असन." विणलेलं कापड गुंडाळायचा दांडा दिवसभर छातीला भिडतो. त्यांच्या आळीत बायकांच्या छातीत काही झालं की दोष दांड्याचा. "हळद लावून राहिली होती. दुखत बी नोहोतं. दुखत नाही त्याले काय दाखवाचं?" मग डॉक्टरीणबाईंकडे न बघताच त्यांनी विचारलं, "किती दिवस हाये माह्यापाशी?"

"आज सांगितलं तर ते खोटं होईल. गाठ किती मोठी, काखेत किती पसरली, आणखी कुठे गेली का, गाठीचा तुकडा तपासल्यावर कोणत्या प्रकारची निघते, यावर सगळं आहे. तुमच्या हातात एकच आहे. केमोच्या औषधाच्या फेऱ्या लागल्या तर त्या अर्ध्यात सोडायच्या नाहीत. केस गेले म्हणून, बरं वाटलं म्हणून घरी बसलेल्या बायका मी पाहिल्यात."

सोमवारी तुकडा काढायला यायची चिठ्ठी त्यांनी तेजस्विनीच्या हातात दिली.

घरी चंद्रकांताबाईंचे यजमान घनश्यामजी चौथ्या ताण्याची सुतं सांधत बसले होते. तेजस्विनीनं सासऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं सूत सुटलं. ते परत उचललंच नाही त्यांनी.

चंद्रकांताबाई ताण्याकडे बघत राहिल्या. अर्ध्यात राहिला तर? विणणारा हात बदलला की फणीचा ठोका बदलतो, आणि तो कापडात दिसतो.

"तेजू, इकडं ये. माहा ठोका पाहून घे."

"कायले?"

"पाहून घे म्हणते ना!"

"मी नाही पाहात. तुमचा ताणा तुम्हीच पुरा करा. सोमवारी तुकडा काढाले जायचं हाये, आधार कार्ड शोधून ठेवा."

त्या मागावर बसल्या. दांडा छातीला टेकला आणि त्या दचकून मागे सरल्या. नऊ महिने याला शिव्या दिल्या, आणि याचा काही दोषच नव्हता. पाय मागाखालच्या खड्ड्यात लोंबत राहिले.

"तेजू," त्यांनी मागावरूनच हाक मारली, "सोमवारची पहिली बस किती वाजताची हाये वो?"