चौथं शील

सुमनचं लग्न ठरलं तेव्हा चाळीतल्या बायका म्हणाल्या, "नशीब काढलंस गं!" आणि मी मोरीत नळ सोडून रडत होते. लेक सासरी जाणार म्हणून रडतेय, असं सगळ्यांना वाटलं. ते होतंच. पण खरं सांगते, दुसरं भय त्याहून मोठं होतं. लेक गेली की माझा वर्ग बुडणार होता.

बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून नायगावच्या आमच्या चाळीत दर रविवारी मी पोरांना वंदना शिकवायचे. त्रिशरण, पंचशील, अर्थासकट. हातात पुस्तक धरायचे, पान उलटायचे. आणि मला एक अक्षर वाचता येत नव्हतं! आमच्या आईबापांना शाळेच्या पायरीवर कोणी उभं केलं नाही, तिथे मला कोण करणार? सुमन वाचायची आणि मी भाकऱ्या थापता थापता पाठ करायचे. एकदा कानात शिरलं की जन्मात जायचं नाही. हे गुपित आम्हा दोघींचं. पण खोटं बोलायचं नाही हे चौथं शील पोरांकडून म्हणवून घेताना माझीच जीभ अडखळायची. चाळीतल्या आमच्या मंडळाचे चिटणीस मॅट्रिक झालेले. ते अधूनमधून म्हणायचे, "एखादा शिकलेला मास्तर बघायला हवा." मी ठसक्यात सांगायचे, "बघा की!" आणि घरी येऊन धास्तावायचे.

लग्नाआधी मी सुमनकडून लग्नाचा सगळा विधीही वाचून घेतला. ती लाजली. "आई, माझ्याच लग्नाचं मी वाचू?"

"वाच. तू कशाकशाला हो म्हणणार आहेस ते मला कळायला नको?"

नेमका लग्नाच्या दिवशी हरताळ. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं. आमचे मालक, सुमनचे वडीलसुद्धा आदल्या दिवशी मोर्चात ओरडून घसा बसवून आलेले. बस बंद, परळच्या नाक्यावर लाठीमार. वऱ्हाड जवळचंच, ते चालत आलं. पण लग्न लावणारे गृहस्थ वरळीचे, ते काही पोचेनात. दुपार कलली. चिटणीसांनी पुस्तक उघडलं, पण पालीच्या दुसऱ्याच ओळीला त्यांची गाडी अडली. तेव्हा नवऱ्या मुलाचे काका म्हणाले, "जुन्या रीतीनं अक्षता टाका आणि मोकळे व्हा. देवाधर्माचं पुढचं पुढे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे सोडून आलो त्याच दारात परत जायचं? तेही माझ्या लेकीच्या लग्नात? "मी लावते लग्न," मी म्हटलं.

"बाईमाणूस? आणि नवरीची आई?"

"हो, नवरीची आई! तिला जन्म दिला तेव्हा नाही कोणी विचारलं, बाईमाणूस कशाला म्हणून!"

चिटणीसांनी पुस्तक पुढे केलं. घेतलं असतं तर नेहमीसारखं निभावलं असतं. पण समोर माझ्या वर्गातली पोरं मांडी घालून बसली होती. काय झालं कोण जाणे, हात पुढे गेलाच नाही. "पुस्तक नको," सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले. "मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं."

मी हात जोडले, सुरुवात केली, आणि मागून पोरांनी सूर धरला. सगळं नीट चाललं, आणि शेवटच्या गाथेत मी अडले. पोरांना ती शिकवलेली नव्हती. पुढचं काही आठवेना. डोळे मिटले. म्हटलं, आता माझ्या हातात काही नाही. आणि स्वयंपाकाच्या वेळी ऐकलेल्या त्याच आवाजात पुढची ओळ कानावर आली. डोळे उघडले, तर पांढऱ्या लुगड्यातली माझी नवरी खाली मान घालून, ओठातल्या ओठात मला सांगत होती.

रविवारी वर्गाला कोणी येणार नाही असं धरून बसले होते. सगळी आली. धाकट्या शेवंतीनं विचारलं, "मावशी, मग तुम्ही पान कशाला उलटायचा?"

"खोटेपणा करत होते गं. चौथं शील मोडत होते. आता तुम्ही वाचायचं, मी ऐकायचं."

शरण जायचं म्हणजे मान तुकवायची, असं मला आधी वाटायचं, आणि मान तुकवणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी कळलं, आधी हातातलं खोटं खाली ठेवायचं असतं. मान ताठ ठेवूनही ते जमतं. चिटणीसांनी पुन्हा मास्तरचं नाव काढलं नाही. पुढे पोरांनीच मला अक्षरं शिकवली. तरी वंदना मी आजही पुस्तक मिटूनच म्हणते. शेवटी लग्नातली ती गाथा घेते, आणि अडले होते तिथे मुद्दाम जरा थांबते. ओळ येते. अजून सुमनच्याच आवाजात येते.