परबांची अमेरिका

परब गेल्याचं मला इथे ओमानमध्ये, अल् खुवैरच्या सिग्नलला कळलं. गाडीतला फोन वाजला, कणकवलीहून त्यांचा मुलगा बोलत होता. "काका, बाबा गेले. सकाळी चहा घेतला आणि…" पुढचं मला ऐकूच आलं नाही, कारण सिग्नल सुटला होता आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मी गाडी कडेला घेतली. रडू नंतर आलं. आधी आठवली ती अमेरिका, जिथे परब कधी गेले नव्हते आणि मीही गेलेलो नाही. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

रघुनाथ परब रुसैलच्या आमच्या कारखान्यात फोरमन होते. एसीच्या डक्टला लागणारे पत्र्याचे भाग आम्ही बनवतो. मी पुण्याचा, प्रॉडक्शन मॅनेजर, डिग्री आणि डिग्रीबरोबर येणारा शहाणपणा दोन्ही घेऊन आलेलो. परबांनी सगळं हातानेच शिकलेलं. विशीत असताना मुंबईच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापणाऱ्या प्रेसखाली त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. बोलत ते दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेबद्दल. भारतात परतणाऱ्या कुणा इंजिनिअरने टाकून दिलेलं, कव्हर गेलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांना सापडलं होतं आणि डिक्शनरी शेजारी ठेवून त्यांनी ते तीनदा वाचलं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की अमेरिका सुरू. पोलाद स्वस्त कसं झालं, पोलादाचे रूळ एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत कसे गेले, रुळांच्या कडेने तारा कशा आल्या… "एका माणसाच्या आयुष्यात, सायबानू. जन्माक इलो तेवा घोडागाडी, नि म्हातारो झालो तेवा रस्त्यार विजेचे दिवे." हे सांगताना त्यांचा घास हातातच राही. सुरुवातीला मी कंटाळून घड्याळ बघायचो. मग कधी ते कळलं नाही, पण मीच डबा घेऊन त्यांच्या बाकावर जाऊन बसायला लागलो.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट आगगाडीच्या डब्यांची. त्या काळी दोन डबे जोडायचे तर माणसाने मध्ये उभं राहून हाताने लोखंडी खुंटी घालायची. डबा जरा जोरात आला की बोट गेलं. नोकरी मागायला आलेल्या माणसाचे हात आधी बघत म्हणे. दहाची दहा बोटं असली तर हा नवखा. मग एकाने लाकूड कोरून एक आकडा बनवला, दोन हातांची वाकवलेली बोटं एकमेकांत अडकावीत तसा. डबे एकमेकांवर आले की आपोआप जोडले जाणार, मध्ये माणूस नको. हे दाखवायला परब स्वतःचे दोन हात गुंतवायला जात, पण डाव्या हाताची पकड बसत नसे. मग ते शेजाऱ्याकडे वळत. "हात दिया बघू तुमचो." मी कितीदा तरी दिला आहे. पक्कडीत धरावं तसं धरत.

त्या गोष्टीचा रोख कुणाकडे होता, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. आमच्या चार प्रेस पायाच्या पेडलवर चालायच्या. पायाने काम होतं म्हणजे हात मोकळे, आणि मोकळा हात वाकडा बसलेला पत्रा सरळ करायला आत जातोच. परबांना दोन बटणं हवी होती. दोन्ही हातांनी, लांब लांब बसवलेली दोन बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येईल. मी वर्षभर तो अर्ज दाबून ठेवला. प्रॉडक्शन कमी होईल, अर्बाबला, म्हणजे आमच्या ओमानी मालकाला, पटणार नाही, बघू, इन्शाल्ला… "रेल्वेवाले पण असांच म्हणत होते," परब म्हणाले. "सरकारान कायदो केल्यान तेवा सुदारले." मी हसून विषय बदलला. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मग एका दुपारी त्यांनी माझ्या टेबलावर एक हातमोजा आणून ठेवला. पापडासारखा चपटा झालेला. प्रेसवर काम करणाऱ्या इक्बालचा होता. हात निसटला होता, मोजा आत राहिला होता. मी तिथल्या तिथे मालकांच्या ऑफिसला फोन लावला.

मालकांना भेटायला जाताना गाडीत परबांना बजावलं, "मुद्द्याचं बोला, अमेरिका काढू नका." ते "बरा" म्हणाले, आणि आत शिरल्या शिरल्या त्यांनी अमेरिकाच काढली. पिशवीतून स्वतः कोरलेले दोन लाकडी आकडे काढून टेबलावर मांडले. पण दमट हवेने लाकूड फुगलेलं, आकडे काही केल्या अडकेनात. परब क्षणभर गडबडले. मग टेबलावरून डावा हात पुढे करून म्हणाले, "अर्बाब, ज़रा हाथ दीजिए."

मालकांनी दिला. परबांनी बोटं वाकवून त्यांच्या बोटांत घातली आणि ओढली. जिथे बोटं असायला हवीत तिथे मालकांना काही लागलं नाही. ते त्या हाताकडे बघत राहिले.

"कितना मशीन?" त्यांनी विचारलं.

"चार."

"यल्ला. खलास." म्हणजे चला, ठरलं.

परतताना गाडीत मीच वेड्यासारखा बडबडत होतो, स्टिअरिंगवर ताल धरून. बटणं बसली त्या दिवशी सगळे प्रेसभोवती जमले होते. इक्बालने दोन्ही हात पसरून बटणं दाबली, प्रेस धाडकन खाली आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. प्रॉडक्शन थोडे दिवस कमी झालं आणि पुन्हा जागेवर आलं.

दुसऱ्या दिवसापासून परबांनी एक रिवाज पाडला. सकाळी कंपनीची बस रिकामी झाली की सगळ्यांना रांगेत उभं करायचं, हात वर करायला लावायचे आणि विचारायचं, "कितना?" एकेक जण म्हणे, "दस." शेवटी परब स्वतःचे हात वर करत. "अपना आठ." मग मशीन सुरू.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त होऊन गावी गेले. फोन आला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी अल् हैलच्या घरून लवकर निघालो आणि रुसैलला जाऊन रांगेत शेवटी उभा राहिलो. आता इक्बाल विचारतो. दस, दस, दस… माझी पाळी आली, मीही म्हणालो, "दस." त्यानंतर सगळे गप्प उभे राहिले. एक आकडा म्हणायला लागेल, तेवढाच वेळ. रांगेतल्या निम्म्या पोरांनी परबांना पाहिलेलंसुद्धा नाही. तरी तेही थांबले.

मग इक्बालने मशीन सुरू केलं.