विसावं नख

हे लिहिताना लाज वाटते, पण अनुभव सांगायचा तर तो जिथून सुरू झाला तिथूनच सांगायला हवा, आणि माझा सुरू झाला तो हेव्यातून. लग्न होऊन येरवड्याला आले त्याला अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत माझी एकही संकष्टी चुकलेली नाही. दर वेळी दोन बस बदलून कसबा पेठेत गणपतीला जाते. माझी धाकटी बहीण कुंदा चंद्रपूरकडे माहेरच्याच गावात दिलेली. आज उपास आहे हे तिला शेजारीण सांगते तेव्हा कळतं. आणि देव धावला तो तिच्यासाठी.

मार्चअखेरीस कुंदा मोहाची फुलं वेचायला जंगलात गेली होती. झाडाखाली वाकलेली असताना अस्वल अंगावर आलं. डावा हात त्याच्या जबड्यात असताना तिने उजव्या हाताने कुऱ्हाड चालवली आणि ते अस्वल तिथेच मेलं. मी दुसऱ्या दिवशी गावी पोचले. कुंदा चंद्रपूरला दवाखान्यात होती, पण आईच्या अंगणात माणसं मावत नव्हती. जो तो म्हणत होता, पोरीच्या पाठीशी देव उभा होता. आई मला ‘आलीस का’ एवढंच म्हणाली आणि नव्या पाहुण्याला कुंदाची हकीकत पहिल्यापासून सांगायला बसली. दवाखान्यात बहिणीला बघून मी रडले हे खरं, आणि त्यातलं थोडं रडणं माझ्यासाठीच होतं हेही खरं.

आमच्याकडे अस्वलाचं नख लेकराच्या गळ्यात बांधलं की त्याची भीती जाते असं मानतात. वनखात्याची माणसं पोचायच्या आत आईने एक नख काढून घेतलं होतं, कुंदाच्या मुलीसाठी, आणि देव्हाऱ्यात ठेवलं होतं. निघताना मी ते उचललं. मागितलं असतं तर आईने दिलंही असतं, पण कुंदाच्या वाट्याचं मला मागावं का लागावं, असं वाटलं. लाल फडक्यात बांधून मी ते पुण्याला आणलं आणि माझ्या देवांत ठेवलं.

हाताची मोठी शस्त्रक्रिया करायची म्हणून कुंदाला पुण्याला आणून इथल्या दवाखान्यात ठेवलं. मी रोज डबा घेऊन जायची. तिथल्या मावश्यासुद्धा तिला हात लावून नमस्कार करायच्या आणि मला विचारायच्या, तुम्ही यांच्या कोण? मग आठवड्याने आईचा फोन आला. जीव वाचवताना जनावर मेलं तर गुन्हा होत नाही, पण त्याचं शरीर सरकारचं असतं, एक नखसुद्धा घरात ठेवता येत नाही. पंचनाम्यात एकोणीसच नखं भरली होती. विसावं सापडलं नाही तर ही शिकार धरू आणि कुंदावर गुन्हा दाखल करू, असं वनखात्याचे साहेब म्हणत होते. तू तर नाही ना कुठे पाहिलंस, असं आईने दोनदा विचारलं. मी म्हणाले, नीट शोध, उंदराने नेलं असेल.

चार दिवस मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी संकष्टी होती. नखाची पुरचुंडी देवाच्या पायाला लावून घ्यावी, म्हणजे त्याचं पुण्य तरी माझ्या घरात राहील, अशा विचाराने ती नारळाच्या ताटात ठेवून मी रांगेतून पुढे सरकवली. गुरुजींनी नारळ वाढवून दिला, पुरचुंडी तशीच उचलून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “अहो, हे तुमचं नाही. ज्यांचं आहे त्यांना देऊन या, मग दर्शन घ्या.” गर्दीत ताटांची अदलाबदल होते, त्यांना तसंच वाटलं असेल. त्यांनी गाठ सोडूनही पाहिली नव्हती. पण मला ते देवाचंच बोलणं वाटलं. मी तशीच रिक्षा करून दवाखान्यात गेले आणि पुरचुंडी कुंदासमोर ठेवली.

“मले माहीत होतं, ताई,” ती म्हणाली. “म्याच मायले म्हणलं, साहेबाले ताईचं नाव सांगू नोको.”

मी विचारलं, का नाही सांगायचं?

“तुले पायजे असन म्हणून नेलं असन ना. मांगायची सवय नाई तुले.” मग तिने उजव्या हाताने पुरचुंडी माझ्याकडे परत सरकवली. “लोक म्हणते देव होता. मले काई दिसला नाई. डोये मिटले का ते अस्वलच दिसते. तेबी भेलंच असन.”

आईलाही ठाऊक होतं, आणि फोन करून ती मला बोलायची संधी देत होती, हे मला तेव्हा उमगलं. दुसऱ्याच दिवशी मी चंद्रपूरच्या गाडीत बसले. वनखात्याच्या कार्यालयात नख टेबलावर ठेवलं, झालेलं सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली. साहेबांनी दोनदा वाचलं. कुंदाचा प्रश्न मिटेल म्हणाले, तुमचं मात्र वरून काय येतं ते बघावं लागेल.

अजून वरून काही आलेलं नाही. मी रोज दिवा लावते, पण त्याबद्दल काही मागत नाही. जे येईल ते देवाच्याच हातून येईल. इतकी वर्षं मी देवाला माझ्याकडे बघायला सांगत होते. परवा शेजारणीने विचारलं, अस्वल मारणारी ती तुमची बहीण का हो? मी तिला आत बोलावलं, बसवलं, आणि कुंदाची हकीकत पहिल्यापासून सांगितली. सांगताना माझ्या पोटात जराही दुखलं नाही.