जोडप्याचं लुगडं

आमच्या गावात माझ्याआधी कुणी बी. ए. झालं नव्हतं. हे मी अजून अभिमानाने सांगतो, कारण त्यासाठी बापाने फाटक्या घोंगडीत पावसाळे काढले आणि मी नागपुरात लोकांच्या पोरांना गणित शिकवून पोट भरलं. परत आलो तर गावाने माझं नावच बीए ठेवलं. "का गा बीए, पाऊस कवा येते?" "बीए, बैल लंगडून राह्यला, जरा पाह्य ना." इतिहास घेऊन पास झालेल्या माणसाला बैलाच्या खुरातलं काय कळणार? तरी मी वाकून पाहायचो. पदवीच्या अब्रूचा प्रश्न होता.

याच पदवीपायी मी देवळाच्या भानगडीत सापडलो.

आमचा मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. गावाच्या शिवेत, वैनगंगेच्या अंगाला, एक जुनं महादेवाचं देऊळ. मार्कंड्याच्या प्रसिद्ध देवळाचं धाकटं भावंड म्हणा. तसाच दगड, तशीच कोरणी, फक्त सगळं आटोपशीर. मार्कंड्याच्या जत्रेला निघालेल्या बैलबंड्या आधी आमच्याकडे थांबत, त्यामुळे महाशिवरात्रीला आमचीही एक जत्रा व्हायची. या देवळाच्या दक्षिणेच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, एक जोडपं कोरलेलं आहे. अंगावर दागिने भरपूर, कपडा नाही. ते काय करत आहे हे समजायला बी. ए. व्हावं लागत नाही.

आता तिथे शाळेच्या सहली येतात. बाई छडीने दाखवून 'शिल्पकला' समजावून सांगतात आणि पोरं माना डोलावतात. माझ्या नातवाने तर त्या जोडप्यापुढे उभं राहून फोटो काढला आणि घरच्या सगळ्यांना दाखवला. कुणाला काही वाटलं नाही. पण मी सांगतोय त्या वर्षी एक मंत्री सपत्नीक आमच्या जत्रेला येणार होते, दवाखान्याची कोनशिला बसवायला, आणि देवस्थान कमिटीच्या अध्यक्षांची झोप उडाली होती.

अध्यक्ष म्हणजे गावातलं मोठं घर. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली होती, पण आवाज गेला नव्हता. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बीए, मंत्री प्रदक्षिणा घालन. संगं बाई आहे. थे दक्षिणेकडचं तिच्या नजरेस पडलं त आपली इज्जत काय राह्यली?"

"इतकी वर्षं आहे ना जी ते तिथंच."

"इतके वर्स मंत्री कुठी आला होता?"

वाद घालायचं माझ्या मनातही नव्हतं, कारण अध्यक्षांना एक मुलगी होती. वीस वर्षांची. त्या काळी या वयापर्यंत मुलगी घरी असली की बाया माजघरात कुजबुजत, पण अध्यक्षांनी हट्ट धरला होता: जावई पदवीधर पाहिजे. आसपासच्या गावांत पदवीधर म्हणजे मी एकटा. माझ्या बापाकडे धानाची दोन बांध्यांएवढी जमीन, त्यांच्याकडे नजर पोचणार नाही एवढी. त्यामुळे ते हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. "मंत्री येऊन जाऊ दे," ते म्हणाले, "थे भिंत तुह्या हवाली. काम नीट झालं त मंग बापाले घेऊन ये." मुलगी मी शाळेच्या बक्षीस समारंभात पाहिली होती. एवढंच सांगतो, की त्या भिंतीची जबाबदारी मी आनंदाने घेतली.

घरी येऊन आईला विचारलं, "माय, देवळाच्या भिंतीवरचं जोडपं पाह्यलं का कधी?"

"कोन्तं जोडपं?"

"दक्षिणेकडचं. उघडं."

"मले त काई दिसलं नाई बापा. म्या तुह्या वेळी पोटुशी असताना रोज फेऱ्या मारल्या तिथी. मी त देवाकडं ध्यान ठेवून होती." मग चुलीत फुंकर मारत म्हणाली, "तुले कसं दिसलं?"

खरं म्हणजे मलाही ते लहानपणी कधी दिसलं नव्हतं. नागपूरच्या वसतिगृहात भूगोलाचं कव्हर घातलेलं एक पुस्तक हातोहात फिरायचं. भूगोलाची एवढी गोडी त्या वसतिगृहाला आधी नव्हती. ते वाचून सुट्टीत घरी आलो आणि देवळात गेलो, तेव्हा कुठे भिंत दिसली. नजर शिकून आली होती.

आणि अध्यक्षांची लाज तरी कसली? दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या मेळ्यात, दंडारीच्या खेळात मिशा बोडलेला गडी लुगडं नेसून जी गाणी म्हणतो, ती ऐकून हेच कमिटीवाले पहिल्या रांगेत पोट धरून हसायचे. शिमग्याला होळीपुढे जे ओरडायचे ते मी इथे लिहू शकत नाही. पण ते आपल्या आपल्यात. मंत्री म्हणजे बाहेरचा माणूस.

कमिटीची बैठक देवळाच्या ओट्यावर झाली. एकाने चुना मारायचं सुचवलं. पुजारी म्हणाला, "चुना मारला त अंधारातबी दिसन." ते पटलं. मग मी बांबूचे तट्टे उभे करायचं ठरवलं. सकाळी तट्टे लावून जेवायला गेलो, परत येतो तर भिंत उघडी. जत्रेची दुकानं लागत होती आणि चिवड्यावाल्याने तेच तट्टे सावलीला डोक्यावर घेतले होते. "देवाचेच आहेत ना जी," तो म्हणाला, "मीबी देवाचाच."

शेवटी अध्यक्षांनीच तोडगा काढला. "लुगडं नेसवा. माह्या घरचं देतो."

ते लुगडं घेऊन अध्यक्षांची बायको स्वतः आली आणि मागे मुलगी. हिरवं, लाल काठाचं, चांगलं नऊवारी. मी शिडीवर. वरच्या दगडी पट्टीला दोर बांधला, पण प्रश्न असा, की नेसवायचं कुणाला? बाईला नेसवलं तर पुरुष उघडा. पुरुषाला धोतर द्यावं तर दोघांत बोट शिरायला जागा नाही.

"एकाच लुगड्यात दोघायले घ्या," पुजारी म्हणाला.

"लगन झालं आहे का त्यायचं?" अध्यक्ष कडाडले.

मुलगी माझ्याशी बोलणार नव्हती, रीत नव्हती. ती आईशी बोलली, पण शिडीच्या वरच्या पायरीवर ऐकू जाईल अशा बेताने. "माय, हे झाकून राह्यले काऊन?"

तिच्या आईच्या आधी मीच भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "अश्लील आहे म्हणून."

"अश्लील म्हंजे काय वं माय?"

"म्हणजे, समाजाच्या अभिरुचीला जे..." मी सुरू केलं. समोर ते जोडपं, हातात नऊवारी, शब्द काही पुढे सरकेना.

"नंगे म्हना ना सरळ," ती आईला म्हणाली. "बीए झालं की सरळ बोलता येत नाई का?"

अध्यक्ष खेकसले, आई पदराआड हसली. मी दोघांना एकाच लुगड्यात गुंडाळलं, वर पदर काढला, खाली निऱ्या केल्या. खरं सांगतो, सुरेख दिसत होतं. अध्यक्षांनी लांबून, जवळून, मंत्री उभे राहतील तिथून पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. "जमलं," ते म्हणाले. मी त्याचा अर्थ लग्न जमलं असाच घेतला.

आमच्या दोघांच्याही ध्यानात एक गोष्ट आली नाही. आमच्या भागात दगडाला लुगडं नेसवलं की तो दगड राहत नाही. नवस फिटला की बाया मायला, म्हणजे देवीला, लुगडं नेसवतात. तेव्हा लुगडं दिसलं म्हणजे ही नवसाला पावणारी माय, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

महाशिवरात्रीच्या सकाळी नदीपलीकडून आलेली एक म्हातारी प्रदक्षिणा घालता घालता थबकली. "ही कोन्ती माय वो? मांगच्या साली नोती." पुजाऱ्याचं लक्ष तिच्या हातातल्या नारळाकडे होतं. तो म्हणाला, "लय जुनी हाये, माय." यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हातारीने नारळ फोडला, कुंकू लावलं, लुगड्याला हात लावून कपाळाला लावला. तिच्या मागच्या बाईने पाहिलं. तिच्या मागचीने पाहिलं. मी आंघोळ करून पोचेपर्यंत महादेवाची रांग ओसरली होती आणि दक्षिणेच्या भिंतीपुढे बायांची रीघ लागली होती. तांदळाच्या ओट्या, खण, हळद. कुणी एकीने काळी पोत चढवली होती, त्यामुळे अध्यक्षांची आदल्या दिवशीची शंकाही मिटली. पोर होण्यासाठी ही माय पावते अशी बातमी चिवड्याच्या दुकानापर्यंत गेली होती, आणि कुणी अंदाजाने सांगितली असली तरी भलत्या जागी पडली नव्हती.

मंत्री आले. महादेवाला बेल वाहून प्रदक्षिणेला निघाले आणि अध्यक्षांनी त्यांना ज्या कोपऱ्यावरून भरकन न्यायचं ठरवलं होतं, तिथेच गर्दीने अडले. मंत्र्यांच्या बाईंनी डोक्यावर पदर घेतला, अध्यक्षांच्या बायकोच्या ताटातून तांदूळ घेतले आणि रांगेत उभ्या राहिल्या. अध्यक्षांची बायको त्यांच्या मागे.

"ही कोणती देवी?" मंत्र्यांनी विचारलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. 'सांग काहीतरी' असं त्यांचे डोळे ओरडत होते. एखादं पौराणिक नाव ठोकून दिलं असतं तर त्याच आठवड्यात सुपारी फुटली असती. पण लोकांची पोरं शिकवून, शिळी भाकर खाऊन मी इतिहास शिकलो तो काय खोटी देवी बनवायला? आणि आदल्या दिवशीचं 'सरळ बोलता येत नाई का' कानात टोचत होतं.

"देवी नाही, साहेब. जोडपं आहे. पाच-सातशे वर्षं तरी उघडं होतं. लुगडं काल नेसवलं."

"कुणी?"

"कमिटीनं."

"कशासाठी?"

"तुमच्यासाठी, साहेब."

मंत्र्यांचे कान लाल झाले. पण माणूस चौकस होता. इकडे तिकडे पाहत ते पुढे झाले आणि दोन बोटांनी निरीचं टोक जरासं उचललं. तेवढ्यात नदीपलीकडची ती म्हातारी कडाडली, "ओ टोपीवाले! मायच्या लुगड्याले हात लावता? घरी माय-बहीन नाई का?"

मंत्र्यांनी विंचू चावल्यासारखा हात मागे घेतला. त्यांच्या बाईंनी ओटी भरली, वळून नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "चला आता." दवाखान्याची कोनशिला फार घाईत बसली. अजून जरा तिरपी आहे.

संध्याकाळी अध्यक्षांनी मला अंगणातच उभं केलं. "तुह्या जिभेले हाड नाई. माही पोरगी तुले भेटत नाई. जाय."

मी गेलो. बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "खरं बोलला ना? मंग जेव."

पुढचं मला नंतर कळलं, कारण सांगणारी दाराआड उभी होती. अध्यक्षांनी घरात जाहीर केलं, की राजुऱ्याकडच्या एका स्थळाला होकार कळवतो, पदवी गेली खड्ड्यात. बायको शांतपणे म्हणाली, "थे जमत नाई आता. म्या नवस बोलली."

"कोनाले?"

"जोडप्याले. पोरीचं याच पोट्ट्याशी जमू दे, जोडीनं पायावर घालीन म्हनून."

"अवं, थे नंगे दगड आहेत!"

"नंगे होते तवा दगड होते. तुमीच त नेसवलं, अजी. माह्याच लुगड्यानं. आता कोपलं काई, त कोनाच्या माथ्यावर?"

अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी गडी पाठवला, की ते लुगडं उतरवून आण. गडी हात हलवत परत आला. भिंतीपुढे बाया बसल्या होत्या आणि त्यांनी त्याला असं काही सुनावलं, की तो पुढे कधी त्या बाजूने बैलही नेईना. म्हणजे देव अध्यक्षांनीच बसवला आणि आता त्यांच्याच्याने उठेना. आठ-पंधरा दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. मग शिमगा झाला, आवाज मोकळा झाला, आणि त्यांनी माझ्या बापाला निरोप धाडला.

लग्न वैशाखात झालं. आमच्या चांद्याकडचा वैशाख ज्याला ठाऊक आहे त्याला मी काय सांगू? सावलीसुद्धा सावली शोधते. मुंडावळ्यांसकट आम्हाला वाजतगाजत जोडप्याच्या पाया पडायला नेलं. सासूबाईंचा नवस. दोन-अडीच महिन्यांत बायांनी एकावर एक लुगडी चढवली होती, जोडप्याचं पार गाठोडं झालं होतं. आम्ही वाकलो. सासरे जरा लांब, आभाळाकडे पाहत उभे.

माझ्या बायकोने मागे वळून पाहिलं, गाठोड्याचा एक कोपरा उचलला आणि आत डोकावली. मग वरची लुगडी एकेक करून सोडली, नीट घडी घातली आणि आईच्या हातात दिली. शेवटी ते हिरवं, लाल काठाचं राहिलं. मी त्याच्याकडे हात नेला तर तिने माझा हात धरला. आमच्यातलं ते पहिलं सरळ बोलणं.

"यायले गरम होत असन म्हनून वरचे काढले," ती म्हणाली. "हे राहू द्या. बाबाच्या इज्जतीचं आहे."